तीस सेकंदांचा दम

प्रो कबड्डीत एका चढाईला ३० सेकंद मिळतात. खेळाडूची ॲनेरोबिक ताकद मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी विंगेट चाचणीही ३० सेकंदांचीच. योगायोग खरा, पण भायखळ्यापासून लालबाग-परळपर्यंत गल्लीगल्लीत कबड्डी रुजलेली असताना हा विषय दुसरीकडून सुरू करावा असं मला वाटत नाही.

मागच्या लेखांकात आपण प्राणवायूवर चालणारी क्षमता पाहिली. आजची तिच्या उलट, म्हणून ‘ॲनेरोबिक’ म्हणजे श्वास रोखून केलेली मेहनत असा समज सहज होतो. चढाईतल्या ‘दमा’मुळे तो आणखी पक्का होतो. दम तुटू न देणं हा खेळाचा नियम. स्नायूंचा हिशेब वेगळा. चढाईपटूनं पाय टाकला की ऊर्जा त्याच क्षणी लागते, प्राणवायूची रसद पोचेपर्यंत थांबता येत नाही. स्नायू आपल्याच साठ्यातलं एटीपी वापरतात, ते क्रिएटिन फॉस्फेटनं भरून काढतात. हे जेमतेम दहाएक सेकंद पुरतं. त्याच्या जोडीनं प्राणवायूविना ग्लायकोजेन फुटत असतं आणि लॅक्टेट साचत जातं.

मोजायच्या गोष्टी दोन. चाळीतली पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. नळातून एका क्षणी किती पाणी सुटतं ही शक्ती. टाकीत एकूण किती आहे ही क्षमता.

शक्ती मोजायला जिनाही पुरतो. भायखळा स्टेशनच्या जिन्यावर लोकल गाठायला धावणारा माणूस जे करतो, त्याचीच चाचणी इटलीच्या रोडोल्फो मार्गारिया यांनी १९६६ मध्ये मांडली. वजन, चढलेली उंची आणि वेळ, एवढंच हवं. ७० किलोचा खेळाडू १.०५ मीटर उंची अर्ध्या सेकंदात चढला तर १,४४० वॅटच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन अश्वशक्ती.

क्षमतेसाठी विंगेट. १९७०च्या दशकात इस्रायलमधल्या विंगेट संस्थेत ती घडली. स्थिर सायकलच्या चाकावर शरीराच्या वजनाच्या साडेसात टक्के भार, ६० किलोच्या खेळाडूला साडेचार किलो, आणि मग ३० सेकंद जीव तोडून पेडल. सर्वोत्तम पाच सेकंदांवरून शक्ती कळते, तीसही सेकंदांच्या सरासरीवरून क्षमतेचा अंदाज येतो. अंदाजच, कारण एवढ्या अवधीतही साधारण पाचवा हिस्सा ऊर्जा प्राणवायूकडून येते. खेळाडूनं सुरुवातीला हात राखला तर दोन्ही आकडे फसतात. शेवटी पोटात ढवळून येतं, काहींना उलटी होते. नवख्याला हे आधी सांगितलंच पाहिजे.

पण चढाई सायकलवर होत नाही. वाकून, आडव्या पावलांनी पुढे जायचं, बोनस रेषेपलीकडे पाय टाकायचा, पकड सुटताच मध्यरेषेकडे झेपावायचं. म्हणून मंडळांच्या प्रशिक्षकांना मी धावण्याची चाचणी सुचवेन: ३५ मीटरच्या सहा धावा, मध्ये दहा-दहा सेकंद विश्रांती. प्रत्येक धावेचे वॅट काढायचे ते असे: वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले वेळेचा घन. ७० किलोच्या खेळाडूला ५ सेकंद लागले तर ६८६ वॅट. ६ सेकंद लागले तर ३९७. एका सेकंदानं एवढी दरी पडते ती घनामुळे. त्यामुळेच हातातल्या स्टॉपवॉचचा भरवसा धरू नये. बोट दोन दशांश सेकंद उशिरा पडलं की ६८६चे ६१० होतात, आणि महिनाभराच्या सरावाचा फायदा त्या चुकीत बुडतो. प्रकाशकिरणांचे टायमर परवडत नसतील तर मोबाइलवर संथगती चित्रण करून वेळ काढा.

निकाल हाती आला की सगळ्यांची नजर पहिल्या धावेवर जाते. मी आधी सहावी बघतो. पहिल्या धावेत ६८६ आणि सहावीत ३९७ देणारा गडी पूर्वार्धात गुण आणेल. उत्तरार्धात लागोपाठ चढाया करायची वेळ आली की त्याचा हात रेषेपासून वीतभर अलीकडेच राहील. त्याची टाकी वाढवायची कशी, ते पुढच्या आठवड्यात.