डॉक्टरांचे गुन्हे आणि जेत्यांची सोय

युद्धकाळात वैद्यकाचा ज्यांनी कत्तलखाना केला, त्यांना न्युरेंबर्ग येथे शासन झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. ९ डिसेंबर १९४६ रोजी अमेरिकन न्यायासनापुढे २३ आरोपी उभे करण्यात आले. त्यांतील २० डॉक्टर होते. हिटलरचा वैद्य कार्ल ब्रांट हा त्यांतला प्रमुख. दाखाऊच्या छावणीत कैद्यांना बर्फाळ पाण्यात तासन् तास बुडवून ठेवले जाई. राव्हेन्सब्रुक येथे पोलिश स्त्रियांच्या पायांना जखमा करून त्यांत मुद्दाम जंतू घातले जात. २० ऑगस्ट १९४७ रोजी १६ जण दोषी ठरले आणि पुढे सात जण फासावर गेले. मनुष्यावर प्रयोग करावयाचा तर त्याची स्वेच्छेची संमती अपरिहार्य होय, हा नियम याच निकालपत्रातला. अमेरिकन तुरुंगांतील कैद्यांवरही हिवतापाचे प्रयोग झाले होते, याकडे बचावपक्षाने बोट दाखविले होते. आरोपींचा दोष त्यामुळे तिळमात्र कमी होत नव्हता. पण मुद्दा अगदीच निराधार नव्हता.

त्याच काळात अमेरिकन अधिकारी टोकियोत शिरो इशी या जपानी लष्करी डॉक्टराशी निराळीच बोलणी करीत होते. मांचुरियात हार्बिनजवळ पिंगफांग येथे काम करणारी ७३१ क्रमांकाची तुकडी या इशीने उभारली होती. चिनी, रशियन, कोरियन कैद्यांना तेथे प्लेग, अँथ्रॅक्स यांसारख्या रोगांची लागण करण्यात येई आणि कित्येकांची जिवंतपणी चिरफाड होई. तुकडीतील लोक त्यांना ‘मारुता’, म्हणजे लाकडाचे ओंडके म्हणत. किमान तीन हजार माणसे तेथे मारली गेली, असा अंदाज आहे.

डिसेंबर १९४७ मध्ये, म्हणजे न्युरेंबर्गच्या निकालानंतर अवघ्या चार महिन्यांनी, एका अमेरिकन तज्ज्ञाने आपल्या अहवालात समाधान व्यक्त केले. मानवी प्रयोगांविषयीच्या नैतिक संकोचामुळे ही माहिती स्वतःच्या प्रयोगशाळांत मिळणे शक्य नव्हते. ती अडीच लाख येनांत, म्हणजे जवळजवळ फुकटात हाती आली, असे त्याचे म्हणणे. संमतीचा नियम जगाला सांगणाऱ्या राष्ट्राचाच हा हिशेब होता! मोबदल्यात इशी व त्याचे सहकारी यांना अभय मिळाले. न्यायमूर्ती राधाविनोद पाल ज्या टोकियो न्यायासनावर बसले होते, त्याच्या आरोपींत इशीचे नावच नव्हते.

सोव्हिएत रशियाने डिसेंबर १९४९ मध्ये खबारोव्स्क येथे १२ जपान्यांवर खटला भरला आणि त्यांना दोन ते पंचवीस वर्षांच्या शिक्षा दिल्या. शीतयुद्धाच्या धामधुमीत अमेरिकेने त्याची संभावना प्रचार म्हणून केली. रशियाचा हेतू निर्मळ होता असे नव्हे. परंतु तेथील कबुलीजबाब मुख्यतः खरे होते, हे पुढे उघड झाले.

इशी १९५९ साली आजाराने मरण पावला. त्याचा एक सहकारी र्‍योइची नाइतो याने १९५० मध्ये रक्तपेढीची कंपनी काढली आणि ती भरभराटीला आणली. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २००२ साली या तुकडीचे जंतुयुद्ध घडल्याचे मान्य केले. मात्र १८० चिनी वादींची भरपाईची मागणी फेटाळून लावली.