खिडकीतली मिरची

फ्लॅटमध्ये मिरची येते का, असं कुणी विचारलं की अवकाशातलं उदाहरण द्यावं. जुलै 2021मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर न्यू मेक्सिकोच्या एका वाणाची मिरची लावली गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस पहिली तोडणी झाली आणि अंतराळवीर मेगन मॅकार्थर यांनी त्या मिरच्या घालून टाको केले. तिथे माती नव्हती, भाजलेल्या चिकणमातीचे खडे होते. उन्हाऐवजी एलईडी दिवे होते. वारा नाही, मधमाशी नाही, म्हणून फुलांमधले परागकण हलावेत यासाठी पंख्यांचा वेग कमीजास्त केला जाई.

आपल्या दोन खोल्यांच्या घरात यातलं बहुतेक सगळं आयतं असतं. कमी पडतं ते ऊन, आणि नेमका त्याचाच हिशेब कुणी करत नाही. खत, पाणी, कुंडीचा रंग यावर आपण दिवस घालवतो. फळ धरायला मिरचीला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. ते नसेल तर रोप जगेल, हिरवंगारही दिसेल, पण मिरची देणार नाही.

म्हणून आधी खिडकी बघा. मुंबई 19 अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन आतच येत नाही. दिवाळीनंतर मात्र सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरात तो दुपारीसुद्धा जेमतेम 47 अंशांवर असतो आणि वर छज्जा आडवा आला नाही, तर ऊन खोलीत चांगलं हातभर, दोन हात आत शिरतं. घरातल्या मिरचीचा हंगाम हाच. दिवाळीच्या सुमारास बी टाकलं तर पुण्यात कडाक्याची थंडी पडायच्या आत रोप सावरतं, फुलं सौम्य हवेत येतात आणि एप्रिलचा उकाडा सुरू होण्याआधी पहिल्या मिरच्या हाताशी लागतात. पूर्वेची खिडकीही चालते, फळं थोडी कमी येतील इतकंच. पश्चिमेचं ऊन मार्चपर्यंत ठीक, पुढे पानं होरपळतात. उत्तरेच्या खिडकीत पुदिना लावावा.

ऊन कमी पडतंय हे रोप स्वतःच सांगतं. खोड लांबुळकं होतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, शेंडा काचेकडे झुकतो. अशा वेळी खत घालणं म्हणजे रोग एक आणि औषध दुसरंच. दिवा लावायचा तर जांभळ्या उजेडाचे महागडे दिवे घ्यायची गरज नाही. छोट्या रोपांना पांढऱ्या एलईडीची साधी पट्टी वीतभर अंतरावर पुरते. फळांसाठी मात्र जास्त ताकदीचा दिवा हवा. दिवसाला 14 ते 16 तास उजेड आणि बाकी काळोख. टायमर लावला की विसरायची सोय होते.

बियाणं विकत आणायलाच हवं असं नाही. उन्हात वाळवलेली अख्खी लाल मिरची फोडली की बी मिळतं. भाजलेली किंवा फार जुनी मात्र नको. बाजारातली मिरची बहुतेकदा संकरित असते, त्यामुळे रोप तिच्याच वळणावर जाईल याचा भरवसा नाही. कुंडीसाठी लवंगी किंवा ज्वाला बरी. भूत जोलोकियाचा मोह अनेकांना होतो. 2007मध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची गिनेसमध्ये नोंद झाली होती, दहा लाख स्कोव्हिल एककांच्या पुढे. पण ती जात मुळात संथ. बी उगवायलाच तीन-चार आठवडे लागू शकतात आणि फळासाठी पुढे काही महिने थांबावं लागतं. शिवाय ती मिरची खाणार कोण, हा प्रश्न उरतोच.

साध्या मिरचीचं बी 25 ते 30 अंशांत आठ-पंधरा दिवसांत उगवतं. ओलसर कागदात गुंडाळून डब्यात घालून डबा फ्रिजच्या डोक्यावर ठेवला की ऊब मिळते. चार-सहा खरी पानं आली की रोप दहा-बारा इंची कुंडीत हलवावं. माती, कोकोपीट आणि गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. तळाला भोक हवंच. वीतभर वाढ झाल्यावर शेंडा खुडला तर फांद्या फुटतात.

पाण्याच्या बाबतीत शेतकऱ्यांचा ‘वाफसा’ लक्षात ठेवला तरी पुरे: माती ओलसर, पण चिखल नाही. बोट पेरभर खुपसून बघावं, कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. दुपारी पानं मलूल होऊन संध्याकाळी सावरत असतील तर तो उन्हाचा ताण, घाबरून तांब्या ओतू नये. कधी कोरडं, कधी तुडुंब असं झालं की फळाला कॅल्शियम पोचत नाही आणि टोकाशी काळा डाग पडतो. नत्र जास्त झालं तर नुसता पाला माजतो. केळीच्या सालीचं पाणी सध्या फार लोकप्रिय आहे. माझ्या मते त्याने मिरच्यांपेक्षा चिलटंच जास्त येतात. साल खताच्या डब्यात घालावी.

कळ्या येतात आणि गळतात ही हमखास तक्रार. पस्तिशीच्या पुढची दुपार किंवा पंधराच्या खालची रात्र असेल तर गळ होतेच. हवा बरी असूनही फळ धरत नसेल तर बहुधा बंद खिडक्यांमुळे फूल हललेलंच नसतं. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागांवर फळतं, त्याला फक्त धक्का हवा. सकाळी फांदीवर टिचकी मारा नाहीतर पंखा लावा.

किडींचं निदान पानांवरून होतं. पानांच्या कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी. शेतकरी याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. दोन्ही वेळी रोप मोरीत नेऊन पानांच्या खालच्या बाजूवर नळाची धार सोडावी, मग संध्याकाळी साबणाचे थेंब घातलेलं निंबोळी तेल फवारावं, आठवड्याने पुन्हा. पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असेल तर मात्र इलाज नाही, रोप काढून टाकावं. आणि घरात कुणी तंबाखू मळत असेल तर त्याला हात धुतल्याशिवाय रोपाला शिवू देऊ नये. तंबाखू आणि मिरची एकाच कुळातल्या; तंबाखूवरचा मोझॅक विषाणू बोटांवरून मिरचीवर येतो.

शेतात हंगामी पीक म्हणून घेतात, त्यामुळे मिरची वर्षभरात संपते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती बहुवर्षायू आहे, तिला मारतं ते हिम. आपल्याकडे मृगाच्या आधी एक तृतीयांश उंचीवर छाटून पावसाळाभर विश्रांती दिली की नवरात्राच्या सुमारास नवी पालवी फुटते. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी पहिलं हिम पडण्याआधी अंगणातली कुंडी घरात घ्यावी, कीड तपासावी, फांद्या आखूड कराव्यात आणि दहा-पंधरा अंशांच्या थंड कोपऱ्यात अगदी थोड्या पाण्यावर हिवाळा काढावा. लंडनचा डिसेंबरातला दिवस आठ तासांचाही नसतो. तिथे त्या दिवसांत फळाची आशा धरायची तर दिव्याशिवाय गत्यंतर नाही.

हिरव्या मिरच्या खुडत राहिलं की झाड नव्या कळ्या काढत राहतं, सगळ्या लाल होऊ दिल्या तर थांबतं. तिखटपणा बियांत नसतो, तो आतल्या पांढऱ्या शिरेत तयार होतो आणि बियांना लागतो. कापून झाल्यावर हात आधी तेलाने चोळावेत, मग साबणाने धुवावेत. कॅप्सेसिन पाण्याला दाद देत नाही. लवंगीशेजारी ढबू मिरची लावल्यास ढबू तिखट होते, हा समज मात्र चुकीचा. यंदाचं फळ आईच्याच वळणाचं असतं. संकर झालाच तर तो बीत असतो. ते बी पुढच्या दिवाळीला लावलंत तर ढबू भाजीत घालण्याआधी एक तुकडा चाखून बघा.