पेणहून धावत रोह्याला!

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. नुसता आकडा वाचून काही वाटत नाही ना? मग चला पेणच्या एसटी स्टँडवर. गणपतीचे कारखाने मागे टाका, वडखळ गाठा, अंबा नदीकाठचं नागोठणं पार करा, तिथून वळून थेट रोह्यात कुंडलिकेपर्यंत या. साधारण ४० किलोमीटर! गाडीत बसूनही अंग आंबून जावं एवढा हा रस्ता. तो धावत आलात तरी मॅरेथॉन संपायला दोन किलोमीटर उरतातच!

एका पावलाला एक मीटर धरा. झाली ४२ हजार पावलं! धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार पायावर येतो म्हणतात. माणूस साठ किलोचा असेल तर दीडशे किलो. करा गुणाकार! ६३ लाख किलो! म्हणजे ६,३०० टन! एका वाघिणीत ६० टन कोळसा धरला, तर रोह्याच्या रुळांवर १०५ भरलेल्या वाघिणी उभ्या राहतील. एवढं ओझं दोन पाय एका सकाळी झेलतात!

आता भेटा एका शाळेतल्या बाईंना. दक्षिण आफ्रिकेच्या फ्रिथ व्हॅन डर मर्व. तिथली कॉम्रेड्स शर्यत सुमारे ९० किलोमीटरची. पेणहून रोहा, रोह्याहून परत पेण, आणि तरीही दहा किलोमीटर शिल्लक! १९८९ साली बाईंनी ती ५ तास ५४ मिनिटं ४३ सेकंदांत संपवली. शाळेच्या मैदानावर ४०० मीटरची फेरी आखा. ती ९५ सेकंदांच्या आत मारा. जमली? आता अशा २२५ फेऱ्या मारा, एकदाही न थांबता! पुरुषांसह सगळ्या धावपटूंत त्या पंधराव्या आल्या, आणि त्यांचा विक्रम मोडायला २०२३ साल उजाडावं लागलं. चौतीस वर्षं! त्यांनी शिकवलेल्या मुलांची मुलं शाळेत जाऊ लागली असतील एवढा काळ.

दम लागला? मग पुण्याच्या आशिष कासोदेकरांचा हिशोब ऐका. २८ नोव्हेंबर २०२१ ते २६ जानेवारी २०२२ या ६० दिवसांत त्यांनी ६० मॅरेथॉन पुऱ्या केल्या. सुट्टी नाही, रविवार नाही. रोज उठून पेण ते रोहा आणि वर दोन किलोमीटर! एकूण २,५३१ किलोमीटर! मुंबई-पुणे सतरा वेळा झालं. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. ती धावत जा, धावत परत या, पुन्हा ठोकूर गाठा, तरी ३०० किलोमीटर हातात उरतात. मग गोव्याकडे निघा! पंचवीस लाख पावलं, फक्त दोन महिन्यांत!

म्हणून पेण-रोह्यात धावणाऱ्या गुरुजींचा किंवा बाईंचा सत्कार ठरला, की शाल-श्रीफळाच्या आधी त्यांच्या किलोमीटरचा आकडा मोठ्यानं वाचा. आणि त्यात पेण-रोह्याच्या किती खेपा बसतात, ते गणित शाळेतल्या मुलांनाच फळ्यावर सोडवायला लावा.