पत्ता म्हणजे घर नव्हे

बँकेत कागदी लेजर असत, तेव्हा इंडेक्समध्ये खातेदाराच्या नावापुढे फक्त फोलिओ नंबर असे. शिल्लक पाहायची तर ते पान उघडावे लागे. संगणकाच्या स्मृतीतही प्रत्येक बाइटला क्रमांक असतो. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेल्या 'सी' भाषेतला पॉइंटर तो क्रमांक सांभाळतो, मूळ ऐवज नव्हे. एकच क्रमांक दोघांनी टिपला, तर एकाने केलेली खाडाखोड दुसऱ्यालाही दिसते. नवशिका अडखळतो तो इथे.

खरा धोका पुढेच आहे. खाते बंद होऊन पान दुसऱ्याला दिले, तरी जुन्या चिठ्ठीवरचा नंबर तसाच राहतो. त्यावर विसंबणारा परक्याच्या खात्यात नोंद करतो आणि यंत्र बहुधा ब्रही काढत नाही. म्हणून जागा सोडताना चिठ्ठ्याही फाडाव्यात, म्हणजेच पॉइंटर 'नल' करावेत. पत्ता खिशात आहे म्हणून घर आपले राहत नाही.