पेशींचा श्वास कोंडतो तेव्हा...

इंजिनीअरिंग कॉलेजच्या अंकात कॅन्सरवर लेख म्हटल्यावर काही जण लगेच पान उलटणार, हे मला माहीत आहे. पण जरा थांबा! यात पाइपलाइन आहे, प्रेशर आहे, सेन्सर आहे आणि रिलेसुद्धा आहे. फक्त हे सगळं लोखंडाचं नसून मांसाचं आहे.

आपल्याकडे "भाकर अडकतीय" ही तक्रार म्हातारी माणसं बरेच दिवस अंगावर काढतात. आधी भाकरी दुधात कुस्करून खातात, मग पेज, मग नुसतं पाणी. अन्ननलिका ही लवचिक नळी आहे, थोडी अरुंद झाली तरी ती घास पुढे ढकलत राहते. आतला व्यास साधारण १३ मिलिमीटरच्या खाली गेला की घट्ट घास हमखास अडकू लागतो. म्हणजे तक्रार सुरू होते तेव्हा गाठ बऱ्यापैकी वाढलेली असते. भारतात या कॅन्सरचा स्क्वॅमस प्रकार जास्त आढळतो आणि त्यामागची मोठी कारणं म्हणजे तंबाखू, विडी आणि दारू.

निदान झालं की घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, किती दिवस?" गाठ भिंतीत किती खोल गेली, लसिकाग्रंथींत पोचली का, दूर कुठे पसरली का, यावरून स्टेज ठरते आणि स्टेजवरून अंदाज. पण एकाच स्टेजचे दोन पेशंट, उपचारही तेच, तरी एक जण पाच वर्षं काढतो आणि दुसरा वर्षभरही टिकत नाही. या कोड्याचा एक धागा ऑक्सिजनपाशी जातो.

कॅनॉलच्या चारीवर शेती असणाऱ्यांना हे लगेच समजेल. हेडच्या शेतकऱ्याला पाणी भरपूर, टेलच्या शेतकऱ्याला चिखलसुद्धा नाही. गाठीतही तेच होतं. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन वाटेतल्या पेशी वापरत जातात आणि साधारण १५० मायक्रॉनच्या पुढे तो संपतो. गाठ रक्तवाहिन्यांपेक्षा वेगाने वाढते, त्यामुळे तिच्यात अशी 'टेलची' वस्ती बरीच. थॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी १९५५ साली फुप्फुसाच्या गाठींचे काप पाहून हे मांडलं होतं.

आता रिले. आपल्या पेशींत एचआयएफ-१ अल्फा नावाचं प्रथिन सतत तयार होतं आणि सततच मोडलं जातं. ऑक्सिजन असेल तर एक एन्झाइम त्याच्यावर खूण करतं, व्हीएचएल हे दुसरं प्रथिन ती खूण ओळखतं आणि माल भंगारात जातो. काही मिनिटांचा खेळ! ऑक्सिजन संपला की खूण होत नाही, प्रथिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि कित्येक जनुकं चालू करतं. घरातल्या इमर्जन्सी लाइटसारखंच हे. लाइट आहे तोवर दिवा बंद, लाइट गेली की आपोआप चालू. हा सेन्सर उलगडणाऱ्या सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

चालू झालेली जनुकं काय करतात? व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या मागवतं. पाणी आटलं की आपण बोअर घेतो ना, तसं. फक्त हे बोअर वेडेवाकडे आणि गळके. ग्लुट-१ साखर आत ओढतं, कारण ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढायची तर साखर खूप लागते. सीए-९ आम्लाचा निचरा करून पेशीला जगवतं. निरोगी पेशीसाठी ही संकटकाळची सोय, पण कॅन्सरची पेशी तिच्यावरच पोसली जाते आणि पसरायला शिकते.

शिवाय रेडिएशनचा हिशोब बिघडतो. किरणांनी डीएनएला केलेली इजा पक्की व्हायला ऑक्सिजन लागतो. तो नसेल तर तेवढ्याच परिणामासाठी अडीच ते तीन पट डोस लागतो, आणि तेवढा डोस शेजारच्या फुप्फुसाला व हृदयाला परवडत नाही.

मग गाठीतला ऑक्सिजन मोजायचा कसा? गर्भाशयमुखाच्या गाठीत सुईसारखा इलेक्ट्रोड घालता येतो. जर्मनीत हेकेल यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं की ज्या गाठींत ऑक्सिजनचा दाब १० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली, त्या स्त्रियांचं पुढचं आयुष्य कमी. अन्ननलिकेत छातीच्या आत अशी सुई घालणं अवघड. म्हणून बायोप्सीच्या तुकड्यावर प्रतिपिंडं टाकून वरची प्रथिनं तपकिरी रंगात पाहतात. अनेक अभ्यास एकत्र केल्यावर निघालं ते असं, की एचआयएफ-१ अल्फा जास्त असलेल्या स्क्वॅमस गाठी लसिकाग्रंथींत जास्त पसरलेल्या असतात आणि त्या रुग्णांचं जगणं सरासरीने कमी भरतं.

पण 'सरासरीने' या शब्दाखाली रेघ ओढा. ही प्रथिनं शंभर जणांच्या गटाबद्दल बोलतात, समोर बसलेल्या एका माणसाबद्दल नाही. मोजमापही कच्चं आहे. किती टक्के पेशी रंगल्या म्हणजे 'पॉझिटिव्ह', हे प्रत्येक अभ्यासात वेगळं. बायोप्सीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, तो हेडचा आला की टेलचा, कोण सांगणार? कापलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडायला उशीर झाला तर श्वास कोंडून प्रथिन आपोआपही वाढू शकतं. सेन्सर कॅलिब्रेट न करता रीडिंग घेण्यासारखंच हे! म्हणून नेहमीच्या रिपोर्टमध्ये ही तपासणी नसते आणि आज उपचार तिच्यावरून ठरत नाहीत. मला तरी हे योग्य वाटतं.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर आकडा वेगळ्याच ठिकाणी हलतो. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. तिच्यात बार्शीबरोबर आपले परंडा आणि भूम तालुकेही येतात. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलायचे. त्या बोलण्याने गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या स्टेजला सापडू लागला, असं १९९५ साली प्रसिद्ध झालं. अन्ननलिकेसाठी आपल्याकडे सरसकट तपासणीची सोय नाही, तिथे अडकणारा घास हीच पहिली खूण. दोन-तीन आठवडे घास अडकतोय आणि वजन उतरतंय, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला हवी. वेळेत सापडलं तर आधी केमो-रेडिएशन आणि मग ऑपरेशन, या क्रमाचा फायदा होतो. नेदरलँड्समधल्या २०१२ च्या क्रॉस चाचणीत नुसत्या ऑपरेशनच्या गटाचं मध्यक आयुष्य २४ महिने होतं, दोन्ही उपचार मिळालेल्यांचं ४९.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षं टिकतो. पुण्या-मुंबईला पेशंट हलवताना रिपोर्टबरोबर तो ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. तिथे त्या बहुतेक वेळा मागतातच.