फ्रिज बंद, अंडी शाबूत

१ जून ते ३१ जुलै या काळात रायगडच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजी मासळी मिळेनाशी होते, सुकट-बोंबील-सोड्यांचे डबे उघडतात आणि कालवणाला अंड्यांचा आधार वाटू लागतो. नेमकी याच दिवसांत वीज दगा देते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-म्हसळा भागातल्या कितीतरी गावांत वीज परतायला आठवडे लागले. तेव्हा फ्रिजविना अंडी टिकवण्याची रीत माहीत असलेली बरी.

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. घातलेल्या अंड्यावरचा ओलसर थर वाळला की ती झाकली जातात. अंडं धुतलं की हा थर निघून जातो. मग आतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पांढरं पातळ होतं आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. म्हणून साठवायची अंडी धुवायची नाहीत. मळकी असतील ती आधी वापरून टाकायची.

देशावर माठाच्या किंवा ओल्या वाळूच्या गारव्यात अंडी ठेवतात. तो गारवा पाणी उडाल्यामुळे येतो. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या हवेत इतका दमटपणा असतो की पाणी उडतच नाही; वाळू नुसती ओली राहते आणि कवचावर बुरशी धरते. भाताच्या तुसाचंही तेच, दमटलं की बुरशी आलीच. वीज ये-जा करत असेल तर फ्रिजही घातकच. गार अंड्यावर दमट हवेत पाणी सुटतं आणि त्या ओलीतून जंतूंना वाट मिळते. एकदा फ्रिजमध्ये गेलेली अंडी वीज गेल्यावर लवकर संपवावीत. थोडक्यात, इथे गारव्यामागे धावण्यापेक्षा छिद्रं बुजवणं शहाणपणाचं.

सर्वांत सोपा उपाय तेलाचा. अंडं घातल्यापासून दिवसभरात, कोरड्या हातांनी, खाण्याच्या तेलाचे दोन-तीन थेंब सगळ्या कवचाला चोळावेत. खोबरेल चालतं. निमुळतं टोक खाली करून अंडी सावलीच्या, वारा लागणाऱ्या जागी ठेवावीत. चुलीजवळ नकोत, सुकटीच्या डब्याशेजारी तर नकोतच, कारण अंडं वास ओढून घेतं. अशी अंडी साध्या अंड्यांपेक्षा दोन-तीन आठवडे जास्त चांगली राहू शकतात.

जुना उपाय चुन्याचा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साधारण ३० ग्रॅम खाण्याचा विरवलेला चुना ढवळायचा. चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत न तडकलेली, न धुतलेली ताजी अंडी पूर्ण बुडवून झाकण लावायचं. चुना हवेतल्या आणि अंड्यातल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून छिद्रांवर खडूसारखा थर धरतो आणि पाण्याच्या तीव्र क्षारपणात जंतू तग धरत नाहीत. युरोप-अमेरिकेत अशी अंडी गार तळघरांत महिनोन्‌महिने ठेवत. आपल्या उकाड्यात तेवढी अपेक्षा धरू नये. अंडी काढल्यावर धुवून घ्यावीत, उकडताना बोथट टोकाला सुई टोचावी, नाहीतर आतल्या हवेला वाट न मिळून कवच फुटतं. रंगकामाचा चुना, अॅल्युमिनियमचं भांडं आणि उघडे हात टाळावेत. कळीचा चुना पाण्यात उकळतो, तो घरात हाताळूच नये.

गावठी अंड्यांत आणखी एक गोम आहे. कोंबडा सोबत असेल तर अंडी फलित असतात आणि पंचवीस अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात गर्भ वाढू लागतो. साठवणीसाठी कोंबड्याशिवायच्या खुराड्यातली अंडी घ्यावीत. नाहीतर टॉर्चसमोर धरून लाल रेषा किंवा काळा ठिपका दिसतो का ते पाहावं.

पाण्यात अंडं आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर टाकून द्यायचं. तेल लावलेल्या अंड्यातलं पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे ते जुनं असूनही आडवं पडू शकतं. शिवाय ही परीक्षा वय सांगते, जंतू नाही. साल्मोनेला आतच असेल तर तेल-चुना त्याला हटवत नाही. म्हणून कवचावर पेन्सिलीने तारीख लिहावी, प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून वास घ्यावा आणि पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवावं. अर्धकच्चं ऑम्लेट या दिवसांत नकोच, लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांना तर नाहीच.