जुन्या मोटारसायकलचे टायर

जुनी बुलेट किंवा जावा बाहेर काढून पनवेलहून चिरनेरला जायचं ठरवलं, तर अंतर फारसं नाही. पण गव्हाण फाट्यावरून दिघोड्याकडे वळलं की रस्त्याचा स्वभाव कळतो. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि गेल्या काही दशकांत या पट्ट्यात कंटेनरची गोदामं उभी राहिली. भरलेल्या ट्रेलरच्या चाकांनी डांबर दाबलं जातं आणि लांबच लांब चाकोऱ्या पडतात. कडेला खडी सुटलेली असते. वळणावर डिझेल सांडलेलं असतं, आणि पाऊस पडला की त्याचा बुळबुळीत थर होतो. मुंबईकरांसाठी अटल सेतू चिर्ल्याजवळ उतरतो खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे मोटारसायकलवाल्याला जमिनीवरच्या रस्त्याला पर्याय नाही.

चिरनेरला जायचं कारणही बहुधा ओल्या दिवसांतलं. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथल्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी स्मारकापाशी माणसं जमतात. सप्टेंबरच्या शेवटी कोकणातला पाऊस गेलेला नसतो. जावा-येझ्दीवाले आपला ‘जावा दिवस’ जुलैच्या दुसऱ्या रविवारी साजरा करतात, म्हणजे ऐन आषाढसरींत. जुन्या गाडीचा टायर निवडताना हा ओला रस्ता आधी डोळ्यांसमोर आणावा.

माझं मत स्पष्ट आहे. जुन्या गाडीचा दिवा जुना असावा, टाकीवरचा रंग मूळचा असावा, हॉर्नसुद्धा त्याच काळातला मिळाला तर उत्तम. टायर मात्र नवाच हवा. मापाने मूळचा आणि रबराने ताजा. गाडी रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या दोन तुकड्यांवर. जुने ड्रम ब्रेक आधीच बेताचे असतात. ते चाक थांबवतात, पण गाडी थांबते ती टायरच्या पकडीने.

प्रत्यक्षात उलटं घडतं. लोक रबर जुनं ठेवतात आणि माप बदलतात.

आधी माप पाहू. जुन्या ३५० बुलेटला पुढे-मागे ३.२५-१९ टायर असे. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून बनलेल्या जावा २५० ला ३.२५-१६. यामाहा आरएक्स १०० ला पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८. पहिला आकडा टायरची इंचातली रुंदी, दुसरा रिमचा व्यास. या जुन्या मापांत टायरची उंची जवळपास रुंदीइतकीच धरलेली असते. नव्या पद्धतीत ९०/९०-१९ असं लिहितात. रुंदी ९० मिलिमीटर आणि उंची तिच्या ९० टक्के. ३.२५ च्या जागी ९०/९० चालतो, ३.५० च्या जागी १००/९०. जुन्या मापाचा टायर मिळेनासा झाला तर एवढीच सूट घ्यावी.

‘मागचा टायर जरा जाड टाकू, गाडी भरदार दिसेल’ हा मोह फार जुना. आरएक्स १०० ला तर तो हमखास होतो. पण त्या गाड्यांचे रिम अरुंद असतात. रुंद टायर अरुंद रिममध्ये बसवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग उंचवट्यासारखा वर येतो. सरळ चालताना जमिनीला टेकणारी जागा वाढण्याऐवजी घटते आणि गाडी झुकवताना ती एकदम कलंडल्यासारखी वाटते. जाड टायर चेनला किंवा मडगार्डला घासण्याचा धोका असतो. शिवाय चाकाचं वजन वाढतं, आणि कमी ताकदीच्या इंजिनाला ते लगेच जाणवतं. मागचं चाक व्यासाने मोठं झालं तर गियरिंग बदलतं आणि गाडीचा कल पुढे होतो. ज्या इंजिनिअरने ती चौकट आखली, त्याने त्या अरुंद टायरचा हिशेब धरूनच आखली होती. त्या हिशेबावर विश्वास ठेवावा.

टायरची बांधणीही तितकीच महत्त्वाची. जुन्या गाड्या क्रॉस-प्लाय टायरवर घडल्या. यात दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात, त्यामुळे बाजूची भिंत ताठ राहते. रेडियलमध्ये दोरे आडवे, कडेपासून कडेपर्यंत जातात, भिंत मऊ राहते आणि वरून पट्टा असतो. एक चाक रेडियल आणि एक क्रॉस-प्लाय अशी जोडी जुन्या गाडीला लावू नये, कारण दोन्ही टायर भाराखाली वेगवेगळे वागतात आणि वळणावर गाडी डुलते. दोन्हीकडे क्रॉस-प्लायच घ्यावेत. आजचे क्रॉस-प्लाय जुने राहिलेले नाहीत. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, त्यानंतर बराच काळ आत सुती कापड असे. मग रेयॉन आलं, मग नायलॉन. रबराचं मिश्रणही सुधारत गेलं. बाहेरून १९६० सालची नक्षी आणि आत आजचं रबर, असा टायर आज बाजारात मिळतो. जुन्या गाडीच्या मालकाला याहून आनंदाची गोष्ट मला तरी दिसत नाही.

नक्षीबद्दल. पुढच्या टायरला लांबीच्या दिशेने सरळ रेघा आणि मागच्याला ठोकळे, अशी जुनी जोडी नुसत्या शोभेसाठी नव्हती. पुढचं चाक दिशा धरतं, तिथे सरळ रेघा बाजूला सरकणं रोखतात आणि पाण्याला वाट देतात. मागचं चाक ओढतं, तिथे आडव्या कडा पकड देतात. दिघोडे-चिरनेरसारख्या डांबरी पण खडी सुटलेल्या रस्त्याला हीच जोडी मला योग्य वाटते. ‘गावाकडचा रस्ता आहे’ म्हणून मोठ्या ठोकळ्यांचे मातीतले टायर लावू नयेत. ओल्या डांबरावर त्यांचा जमिनीशी संपर्क कमी पडतो आणि झुकल्यावर ठोकळे वाकतात. बसवताना कडेवरचा बाण बघावा. काही टायर पुढे-मागे दोन्हीकडे चालतात, पण तेव्हा फिरण्याची दिशा वेगळी दिलेली असते.

आता वयाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. जुनी गाडी वर्षातून थोडीच फिरते. त्यामुळे नक्षी खोल राहते आणि मालक समाधानी असतो. पण रबर उभ्या-उभ्याही म्हातारं होतं. हवेतला ओझोन, ऊन आणि उष्णता त्यातले रेणू तोडतात, मऊपणा देणारे पदार्थ उडून जातात, रबर कडक होतं आणि भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. असा टायर कोरड्या रस्त्यावर कुरकुर करत नाही. पहिल्या पावसात ब्रेक दाबला की घसरतो. कडेवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. शिक्क्यात तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाआधीचा आहे. तो रस्त्यावर चालवायचा नाही, मग तो कितीही कोरा का असेना. मुंबईच्या चोर बाजारात एखादा न वापरलेला, कागदात गुंडाळलेला जुना टायर हाती लागतो आणि मन भरून येतं. तो प्रदर्शनातल्या गाडीला शोभतो. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांच्या पुढे टायर ठेवू नये, असं बहुतेक उत्पादक सांगतात. कोकणातल्या उन्हापावसात मी सहा-सात वर्षांवर जाऊ देणार नाही.

कायद्याने दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही. खाचांमध्ये उंचवट्याच्या खुणा असतात, नक्षी त्यांना टेकली की टायर संपला. भार आणि वेगाचं चिन्हही वाचावं. ५४ पी म्हणजे २१२ किलो भार आणि ताशी १५० किलोमीटर. जुन्या गाडीला एवढा वेग कधीच लागत नाही, पण डबलसीट आणि सामान घेऊन निघाल्यावर भाराचा आकडा उपयोगी पडतो.

स्पोकच्या चाकांना ट्यूब लागते, कारण स्पोकच्या भोकांतून हवा निघून जाते. याच कारणाने पंक्चर झालं की हवा झटकन जाते. म्हणून टायर नवा तर ट्यूबही नवी, आणि रिमवरची रबरी पट्टीही नवी. पट्टी फाटली असेल तर स्पोकचं टोक ट्यूबला टोचतं. टायर चढवताना कडा साबणाच्या पाण्याने ओल्या कराव्यात आणि रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आली की नाही ते पाहावं. पंक्चरवाल्याला घाई असली तरी एवढं बघून मगच चाक गाडीला लावू द्यावं. व्हॉल्व्हवरची नटासारखी चकती रिमला घट्ट आवळू नये. कमी हवेवर टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि ती सूचना वेळेवर मिळते. चकती आवळलेली असेल तर व्हॉल्व्ह मुळातून तुटतो.

हवेचं प्रमाण त्या गाडीच्या जुन्या पुस्तिकेतून घ्यावं. एकट्या स्वारासाठी जुन्या बुलेटला पुढे १८ ते २० आणि मागे २८ च्या आसपास पौंड पुरतात, डबलसीटला मागे थोडी जास्त. पेट्रोलपंपावरचा मुलगा सवयीने दोन्हीकडे पस्तीस भरतो. मग पुढचं चाक प्रत्येक खडीवर उडी मारतं. हवा सकाळी, टायर थंड असताना आपल्याच गेजने मोजावी.

एक गोष्ट नोंदणीची. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन-देखभाल अशा कारणांसाठीच आणता येते. पंधरा वर्षं उलटलेल्या बाकीच्या गाड्यांना नोंदणीचं नूतनीकरण आणि तपासणी असते, आणि गोटा झालेले टायर तिथेच अडवले जातात.

नवे टायर बसवल्यावर लगेच लांबचा बेत आखू नये. साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेला थर वरच्या रबरावर राहिलेला असू शकतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर, हळूहळू झुकाव वाढवत चालवावी, म्हणजे कडांवरचंही रबर घासून उघडं पडतं. त्यानंतर हवा पुन्हा मोजावी, स्पोक एकेक वाजवून ढिले तर नाहीत ना ते पाहावं, आणि मग ओल्या रस्त्याला लागावं.